बेन फेरेन्स : बेरजेच्या मशीनवर उभा राहिलेला खटला

काळा कोट

माझ्या ऑफिसातल्या कपाटावर एका बुटक्या माणसाचा फोटो चिकटवलेला आहे. न्यूरेंबर्गच्या कोर्टात, जिथे युद्धानंतर नाझींवर खटले चालले, तो उभा आहे, हातात कागद. पक्षकार विचारतात, "वडील का?" मी म्हणतो, "गुरुजी." भेट कधीच झाली नाही. ७ एप्रिल २०२३ ला ते फ्लॉरिडात गेले, १०३ वर्षांचे होऊन. नंतर मी एका तारखेला तालुक्याला निघालो होतो, तेव्हा बातमी एसटीत वाचली. तेव्हाच लिहायचं ठरवलं होतं, ते आज लिहितोय. वकिलाची तारीख, पुढे जाणारच.

बेंजामिन फेरेन्स. जन्म ११ मार्च १९२०, ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका खेड्यात. त्याच घरात जन्मलेली थोरली बहीण हंगेरियन आणि हा रुमानियन, कारण मधल्या काळात सरहद्दच सरकली. हा दहा महिन्यांचा असताना ज्यू आईबाप अमेरिकेला निघाले. बाप चांभार. न्यूयॉर्कमध्ये हातशिलाईचे बूट कुणाला नको होते, म्हणून इमारतींची झाडलोट करायचा आणि कुटुंब तळघरात राहायचं. वस्ती हेल्स किचन, म्हणजे नावापासूनच गुंडांची. घरात यिद्दिश बोलत. इंग्रजी येत नाही आणि अंगाने एवढासा, म्हणून शाळेने सुरुवातीला घेतलंही नाही.

तिथून हा पोरगा शिष्यवृत्तीवर हार्वर्डला कायदा शिकला. युद्धगुन्ह्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका प्राध्यापकांसाठी ग्रंथालयात बसून त्या विषयावरचं सापडेल ते वाचून टिपणं काढायचं काम त्याने केलं. १९४३ साली पदवी मिळाली. देशात युद्धगुन्ह्यांचा कायदा इतका वाचलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, त्यातला हा एक. सैन्याने त्याला विमानविरोधी तोफखान्यात शिपाई म्हणून घातलं. सैन्य इथलं काय, तिथलं काय!

नॉर्मंडी, मग बल्जची लढाई. युद्ध संपत आल्यावर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि त्याला पॅटनच्या तिसऱ्या आर्मीच्या मुख्यालयात, जज ॲडव्होकेटच्या म्हणजे सैन्याच्या कायदा विभागात पाठवलं. आधी कामं आली ती पाडलेल्या विमानांतून उतरलेल्या वैमानिकांची, ज्यांना जर्मन गावकऱ्यांनी ठेचून मारलं होतं. जीप काढायची, गावात जायचं, जबाब घ्यायचे, प्रेतं उकरून काढायची. मग छावण्या सापडू लागल्या. बुखेनवाल्ड, माउटहाउझेन, फ्लॉसेनब्युर्ग. प्रेतांच्या राशींमधून वाट काढत हा माणूस पहिल्यांदा कुठे जायचा, तर छावणीच्या ऑफिसात. मृतांची रजिस्टरं, हजेरीपट, अधिकाऱ्यांची नावं. ते ताब्यात घ्यायचे आणि पुढची छावणी.

एका छावणीत सुटलेल्या कैद्यांनी एका पहारेकऱ्याला पकडून जिवंत जाळलं. हा तिथे होता आणि त्याने थांबवलं नाही. हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं, काही सारवासारव न करता.

१९४५ च्या डिसेंबरात सार्जंट म्हणून सुटला, घरी गेला, आणि काही महिन्यांत परत जर्मनीत. गोअरिंग वगैरे बड्या नाझी नेत्यांचा मोठा खटला सगळ्यांना माहीत असतो. त्यानंतर अमेरिकेने त्याच कोर्टात आणखी बारा खटले चालवले, डॉक्टरांचा, न्यायाधीशांचा, क्रुप या उद्योगपतीचा. त्यांचे मुख्य सरकारी वकील टेल्फर्ड टेलर. टेलरनी फेरेन्सला बर्लिनला कागद धुंडाळायला पाठवलं. पन्नासेक माणसांची टीम, उद्ध्वस्त सरकारी कचेऱ्या, फायलींचे ढिगारे.

१९४७ मध्ये त्या ढिगाऱ्यांत एक फायलींचा संच हाती लागला. सोव्हिएत मुलुखात शिरलेल्या जर्मन सैन्यामागोमाग एसएसची, म्हणजे नाझींच्या सशस्त्र संघटनेची, चार पथकं गेली होती, आइन्झात्सग्रुपेन, सगळी मिळून तीनेक हजार माणसं. त्यांनी बर्लिनला पाठवलेले रोजचे अहवाल होते ते. गाव, तारीख, किती ज्यू मारले, किती जिप्सी, किती कम्युनिस्ट. वर 'गुप्त' असा शिक्का आणि कुणाकुणाला प्रती गेल्या त्याची यादी. कीव्हच्या ओळीत आकडा आहे ३३,७७१. दोन दिवसांचं काम.

फेरेन्सने हात-बेरजेचं एक छोटं मशीन घेतलं आणि आकडे टाकत गेला. बेरीज दहा लाखांवर गेली तेव्हा थांबला.

मग नमुने बॅगेत टाकून विमानाने न्यूरेंबर्ग. टेलर म्हणाले, खटले ठरून गेलेत, माणसं नाहीत, पैसे मंजूर नाहीत. हा म्हणाला, हे सोडता येणार नाही. बरं, हातातली कामं सांभाळून तूच चालवशील? चालवीन. वय २७, आणि यापूर्वी एकही खटला चालवलेला नाही!

उघडपणे सांगतो, इथे मला हेवा वाटतो. मी वीस-बावीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी चालवतोय. साक्षीदार फितूर झाला म्हणून पडलेल्या केसेस मोजायला मलाही मशीन लागेल. या माणसाने साक्षीदारांवर भिस्त ठेवलीच नाही. आरोपींनी स्वतः सह्या करून, फुशारकीने वर पाठवलेले अहवाल एकामागून एक दाखल केले आणि दोन दिवसांत सरकार पक्षाचा पुरावा संपला असं जाहीर केलं. बचाव पक्षाला मात्र काही महिने लागले.

आरोपी २४. तीन हजारांतून २४ का? तर आरोपींच्या पिंजऱ्यात तेवढ्याच जागा होत्या. मग निवड केली ती हुद्दा बघून आणि शिक्षण बघून. यादीत वकील, अर्थतज्ज्ञ, प्राध्यापक, एक माजी धर्मगुरू. ओटो राश नावाच्या गृहस्थांना तर दोन डॉक्टरेट. एकाने आधीच आत्महत्या केली, राश आजारपणामुळे वगळला गेला, उरले २२. एप्रिल १९४८ ला निकाल. सगळे दोषी, १४ जणांना फाशी.

फाशी मागितली मात्र नव्हती त्याने. आरंभीच्या भाषणात त्याने सांगितलं होतं की आम्हाला सूड नकोय, मानवतेने कायद्याकडे केलेली ही विनवणी आहे. दहा लाखांपुढे २४ डोकी मांडून तराजू बरोबर होत नाही, हे त्याला पुरेपूर कळत होतं.

पुढची पन्नास वर्षं त्याने काय केलं ते प्रतिसादांत लिहीन. बोटं दुखायला लागली.

---

खेकडा

लेख आवडला. एक शंका. तो पुस्तकांच्या ढिगावर उभा राहून बोलला होता असं वाचलंय. खरं की व्हॉट्सॲप?

---

काळा कोट

खरं. उंची जेमतेम पाच फूट. समोरच्या स्टँडवरून तोंड दिसावं म्हणून पायाखाली पुस्तकं. तो स्वतःच सांगायचा हसत हसत. आपल्याकडे वामनाने तीन पावलं टाकली, इथे वामनाला आधी पाट द्यावा लागला.

---

कामठीचा कर्नल

काळे कोट, लेख उत्तम. पण 'जॅग'मध्ये (जज ॲडव्होकेट जनरलची शाखा, म्हणजे सैन्यातले वकील) हयात गेल्यामुळे एक खडा टाकतोच. फेरेन्स काटेकोर अर्थाने लष्करी वकील नव्हते. जज ॲडव्होकेटच्या विभागात होते तेव्हा ते बिनकमिशनचे सैनिक होते आणि न्यूरेंबर्गला खटला चालवला तेव्हा नागरी पोशाखात होते. कोर्टाचं नाव 'लष्करी न्यायाधिकरण' असलं तरी ते कोर्ट मार्शल नव्हे. न्यायाधीश अमेरिकेतून आणलेले. अध्यक्ष मायकेल मुस्मानो पेनसिल्व्हेनियाचे न्यायाधीश, नौदलातही होते.

हे बारकावे काढायचं कारण असं, की लष्करी वकील म्हणजे फाशी मागणारा वर्दीवाला, अशी लोकांची समजूत सिनेमांनी करून दिली आहे. आपल्याकडे कायद्याचा पदवीधर निवडला जातो, अकादमीत इतरांसारखाच चिखलात लोळतो आणि मग लष्करी कायद्याचं शिक्षण घ्यायला आमच्या कामठीला येतो. जनरल कोर्ट मार्शलमध्ये जज ॲडव्होकेट असावाच लागतो (आर्मी ॲक्ट १९५०, कलम १२९). तो कुणाच्याच बाजूचा नसतो. कायदा काय आहे ते सांगतो, पुराव्याचा सारांश मांडतो. मत देण्याचा अधिकार त्याला नाही. मत देतात सदस्य, किमान पाच अधिकारी.

आणि मत कसं घेतात? सगळ्यात ज्युनिअरला आधी विचारतात. तो बोलला की त्याच्या वरचा, अध्यक्ष शेवटी. ब्रिगेडियर आधी बोलले तर कॅप्टनच्या तोंडून वेगळं काय निघणार? दार लावलेलं, टेबलाभोवती सगळे गप्प, आणि सगळ्यात कमी नोकरी झालेल्या पोराकडे सगळ्यांची नजर. दोषी की निर्दोष, एका शब्दात. मी कितीदा पाहिलंय, पोराच्या कपाळावर घाम येतो.

---

तिरकस

छान. आता कडू बोलतो. जेत्यांचा न्याय होता हा. हिरोशिमाचा खटला कुठे झाला? दोस्तांनी बॉम्ब टाकून जाळलेल्या ड्रेस्डेनचा? टोकियोला जपानी नेत्यांवरच्या खटल्यात आपल्या न्यायमूर्ती राधाबिनोद पालांनी सगळे आरोपी निर्दोष ठरवले ते उगाच नाही. आणि १४ फाशांपैकी प्रत्यक्ष किती झाल्या तेही लिहा की.

---

काळा कोट

@तिरकस, चार. ओलेनडॉर्फ, ब्लोबेल, नाउमान, ब्राउने. ७ जून १९५१, लांड्सबेर्गचा तुरुंग. बाकीच्यांच्या शिक्षा अमेरिकन हाय कमिशनर मॅक्लॉयनी १९५१ च्या जानेवारीत कमी केल्या. शीतयुद्ध सुरू झालं होतं, जर्मनी मित्र म्हणून हवा होता. १९५८ पर्यंत एकही आत नव्हता. हे मी लेखात गाळलं ते लपवायला नव्हे, मला ते लिहितानाच त्रास होतो म्हणून.

हिरोशिमाचा मुद्दा कोर्टात त्या चार पथकांपैकी एकाचा प्रमुख असलेल्या ओलेनडॉर्फनेच काढला होता. तुम्ही आणि तो एका बाकावर बसता असं म्हणत नाही, प्रश्न रास्तच आहे. निकालपत्रात त्यावर उत्तरही आहे. शहरावर बॉम्ब टाकला, तरी ते शरण आलं की बॉम्ब थांबतो. इथे शहर शरण आल्यावर, कब्जात आल्यावर माणसं घरातून काढून, खड्ड्यापाशी नेऊन मारली. मला हे उत्तर अर्धंच पटतं. ड्रेस्डेनचा प्रश्न त्याने मिटत नाही.

पण जेत्यांचा वकील म्हणून फेरेन्सला झोडपायचं असेल तर त्याची पुढची कारकीर्द आडवी येते. इराकवरच्या हल्ल्यानंतर २००६ मध्ये तो उघड म्हणाला की सद्दामवर खटला चालतो तसा बुशवरही चालायला हवा, आक्रमक युद्ध छेडल्याबद्दल. तेव्हा वय ८६ होतं.

---

लिंबूटिंबू

+१. वाचनखूण साठवली. ओलेनडॉर्फबद्दल अजून लिहा ना कुणीतरी.

---

काळा कोट

ओटो ओलेनडॉर्फ. देखणा, शिकलेला, पाच मुलांचा बाप. त्याच्या पथकाने ९०,००० माणसं मारली हे त्याने स्वतः मोठ्या खटल्यात, जानेवारी १९४६ मध्ये शपथेवर सांगितलं होतं. आवाज न चढवता, जसा एखादा गोदामाचा साठा सांगावा. आपल्या हाताखाली कसं नेमस्तपणे काम चाले हेही सांगितलं. एकट्याने गोळी घालायची नाही, सगळ्यांनी मिळून झाडायच्या, म्हणजे कुणा एकाच्या मनावर ओझं राहत नाही. ओझं म्हणजे मारणाऱ्याच्या मनावर बरं का.

फाशी ऐकवल्यानंतर फेरेन्स त्याला भेटायला तळघरातल्या कोठडीत गेला. या खटल्यात तो एवढ्याच एका आरोपीशी समोरासमोर बोलला. जर्मनमध्ये विचारलं, तुमच्यासाठी काही करू शकतो का? घरी काही निरोप वगैरे? त्याला वाटत होतं पश्चात्तापाचा एखादा शब्द येईल. ओलेनडॉर्फ म्हणाला की याची फळं अमेरिकेतले ज्यू भोगतील. फेरेन्सने इंग्रजीत निरोप घेतला आणि दार लावून घेतलं.

---

कामठीचा कर्नल

'वरून हुकूम होता' या बचावाबद्दल दोन शब्द, कारण पोरं हेच विचारतात. न्यूरेंबर्गच्या कायद्यात स्पष्ट होतं की वरिष्ठांचा हुकूम हा सुटकेचा मार्ग नाही, फार तर शिक्षा कमी करायला कारण. आपल्या आर्मी ॲक्टमध्ये हुकूम मोडणं हा गुन्हा आहेच, कलम ४१. पण शब्द नीट वाचा. 'कायदेशीर हुकूम' मोडणं. तो एक शब्द शिकवायला मी पूर्ण तास घ्यायचो.

आणि आपल्याकडची एक केस, जिच्यावर मी फार बोललोय. रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार, १९८७. साधा सिग्नलमन. वरिष्ठाने छळल्याची तक्रार थेट वर पाठवली म्हणून २८ दिवसांची शिक्षा झाली. ती भोगत असताना त्याला जेवायचा हुकूम झाला. जेवला नाही. म्हणजे हुकूम मोडला! समरी कोर्ट मार्शल, आणि ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती तोच त्या कोर्टात बसलेला. एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. सुप्रीम कोर्टाने सगळं रद्द केलं. एक तर पक्षपात, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने इतकी भारी की कोर्टाच्या विवेकाला धक्का बसावा. गुन्हा आणि शिक्षेचं प्रमाण हा मुद्दा आज नोकरीतल्या प्रत्येक बडतर्फीच्या केसमध्ये वकील मंडळी उगाळतात, त्यात या न जेवलेल्या जवानाचा मोठा वाटा आहे.

वर्गात मी ताट समोर ठेवल्याचा अभिनय करून ही केस सांगायचो. पोरं हसायची. मग विचारायचो, त्या दिवशी तुम्ही तिथे जॅग ऑफिसर असता आणि कमांडिंग ऑफिसरने फोन करून 'ठोकू ना?' असं विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंत? मग कोणी हसत नसे.

---

भाची लॉवाली

काका, थर्ड इयरला आहे, जॅगची परीक्षा देणार आहे. मुलींना किती वाव आहे तिथे? घरचे म्हणतात सैन्यात जाऊन वकिली कसली.

---

कामठीचा कर्नल

बेटा, १९९२ मध्ये चेन्नईच्या अकादमीत मुलींची पहिली तुकडी आली. त्यातली क्रमांक एकची कॅडेट प्रिया झिंगन कायद्याची पदवीधर होती आणि १९९३ मध्ये जॅगमध्येच गेली. २००८ पासून जॅगमध्ये बायकांना कायमस्वरूपी कमिशन आहे, इतर बऱ्याच शाखांच्या कितीतरी आधी. मुलांना जास्त जागा आणि मुलींना कमी असा प्रकार होता, तो सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मोडीत काढला. खुशाल दे परीक्षा. धावायची सवय मात्र आत्तापासून कर, कायदा नंतरही वाचता येतो.

---

मावळतीचा वारा

एक योगायोग कुणी नोंदवला नाही. न्यूरेंबर्गचा मोठा खटला सुरू झाला २० नोव्हेंबर १९४५ ला. त्याच्या पंधरा दिवस आधी, ५ नोव्हेंबरला, दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांचं कोर्ट मार्शल सुरू झालं होतं. तिथेही आंतरराष्ट्रीय कायदाच. मुंबई हायकोर्टाचे भुलाभाई देसाई, प्रकृती ढासळलेली, तरी उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा, की गुलाम राष्ट्राला स्वातंत्र्यासाठी युद्ध करायचा हक्क आहे, आणि त्या युद्धातल्या सैनिकाला साध्या फौजदारी कायद्याने खुनी ठरवता येत नाही. समोर सरकारकडून नौशीरवान इंजिनिअर, तेही मुंबईचेच. जन्मठेप झाली, पण जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिन्लेकना ती माफ करावी लागली, बाहेर देश पेटला होता. भुलाभाई मे महिन्यात गेले.

एकाच महिन्यात एकीकडे कायदा म्हणतोय की सैनिकाने हुकूम पाळला तरी तो गुन्हेगार असू शकतो, आणि दुसरीकडे वकील सांगतोय की सैनिकाने राजाशी इमान मोडलं तरी तो गुन्हेगार नसू शकतो. माझे आजोबा रोज पेपरात दोन्ही बातम्या वाचायचे म्हणे. लाल किल्ल्याची मोठ्याने, न्यूरेंबर्गची मनात.

---

तिरकस

@मावळतीचा वारा, हे भारी. यावर वेगळा धागा काढा.

@काळा कोट, पुढची पन्नास वर्षं लिहितो म्हणाला होतात. तारीख पे तारीख चालणार नाही.

---

काळा कोट

लिहितो, थोडक्यात. १९४८ नंतर तो जर्मनीतच राहिला. मेलेल्या ज्यूंची बेवारस मालमत्ता सोडवायची, वाचलेल्यांना भरपाई मिळवून द्यायची. घरं, दुकानं, अगदी दफनभूमीसुद्धा. १९५२ च्या पश्चिम जर्मनीबरोबरच्या भरपाई कराराच्या वाटाघाटींत तो होता. हे काम फोटोत येत नाही. अर्ज, दाखले, अपिलं. माझ्या मते न्यूरेंबर्गपेक्षा जास्त घाम इथे गेला.

१९५६ ला अमेरिकेत परत, टेलरबरोबर वकिली. मग पन्नाशीत पोहोचल्यावर पैसे मिळवणारी वकिली बाजूला सारली आणि एकच धोशा लावला, कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय पाहिजे आणि 'आक्रमण' या शब्दाची कायद्यात व्याख्या पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांना स्वखर्चाने जाऊन बसायचा, मुत्सद्द्यांना गाठायचा. १७ जुलै १९९८ ला रोमला करार झाला, २००२ पासून द हेगचं न्यायालय सुरू झालं. (आपण त्यात नाही. रोमला भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांचा उल्लेख टाळणं, यावर आपला आक्षेप होता. अमेरिकेने सही करून नंतर अंग काढून घेतलं.)

त्या न्यायालयाचा पहिला खटला काँगोच्या थॉमस लुबांगावर, लहान मुलांना सैन्यात भरती केल्याबद्दल. ऑगस्ट २०११ मध्ये सरकार पक्षाच्या अखेरच्या युक्तिवादात ९१ वर्षांचे फेरेन्स बोलायला उभे राहिले. पहिला खटला २७ व्या वर्षी, आणि मग हा. त्या व्हिडिओत आवाज थोडा कापतो, पण कागदावरची नजर तीच. आज हेगमध्ये शांतता महालाच्या शेजारच्या पायवाटेला त्यांचं नाव आहे.

---

खेकडा

९१! माझे वडील ७० ला बँकेत जायलाही मला पाठवतात.

---

ओली छत्री

सगळ्यांनी सगळं लिहिलं, बायकोबद्दल कुणी नाही. असा माणूस दहा वर्षं परदेशात कागद उपसत बसतो तेव्हा घर कोण चालवत होतं?

---

काळा कोट

बरोबर पकडलंत. गर्ट्रूड. लग्न ३१ मार्च १९४६ ला, म्हणजे सैन्यातून सुटल्यावर तीन महिन्यांत, आणि त्याच वर्षी टेलरचं बोलावणं. थोड्या दिवसांसाठी म्हणून युरोपला गेले ते दहा वर्षांनी परतले. त्या २२ जणांचा निकाल लागला त्याच गावात संसार झाला. एक मुलगा, तीन मुली. चौघांचंही जन्मगाव न्यूरेंबर्ग. २०१९ मध्ये ती गेली, लग्नाला ७३ वर्षं झाली होती.